नवव्या धड्यातले रामकिसन

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी वाटे, एवढं काय आहे त्यात. मग वाटायला लागलं, आता फार उशीर झाला. या दोन वाटण्यांच्या मधे कुठेतरी योग्य वेळ येऊन गेली असणार, ती मला कळली नाही. मागच्या आश्विनात मी चार दिवस बीड जिल्ह्यात जाऊन आलो, त्याचं हे वर्णन. तिथे पाहण्यासारखं काय आहे असं विचाराल तर धारूरचा किल्ला आहे, डोंगरउतारावरची सीताफळं आहेत. मी मात्र एका माणसाची माफी मागायला गेलो होतो.

आधी थोडं मागचं सांगतो. डोळ्यासमोर जे येतं त्यातलं मेंदूला किती कळतं, हे मोजण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून या विषयात नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी मी इंटरनेटवर एक पान चालवतो. चांगली व्याख्यानं फुकट कुठे ऐकायला मिळतात, पडद्यावर फिक्या-गडद पट्ट्या दाखवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, ते कसं बसवावं, सरावासाठी दुसऱ्यांची मोजमापं कुठून उतरवून घ्यावीत, अशी यादी आणि तिच्याखाली मी लिहिलेले बारा धडे. लांबलांबची मुलं ते वापरतात. त्यातला नववा धडा सगळ्यांना आवडायचा, कारण त्यात गोष्ट होती. त्याचं नाव ‘मदतनिसाची चूक’.

गोष्ट अशी. एका दुष्काळाच्या वर्षी धारूरच्या बाजूच्या एका गावाबाहेर जनावरांची छावणी पडली होती. पाण्याचा टँकर तिथेच येई, म्हणून डोंगरातले मेंढपाळही तिथेच उतरले होते. शेतकरी आणि मेंढपाळ एका जागी, दोघांच्याही हाताला काम नाही. उघड्या माळावर जन्म काढणाऱ्यांची नजर शेतकऱ्यांपेक्षा वेगळी असते का, हे मला मोजायचं होतं. पुण्यात बसून मला तो दुष्काळ सोयीचा वाटला, याची आज लाज वाटते.

गावच्या सहकारी दूध संस्थेनं डेअरीची खोली दिली. जाड दगडी भिंती, एकच खिडकी. तिथे रामकिसन दुधाची फॅट तपासायचे, त्या आकड्यावर दुधाचा भाव ठरे. काचेच्या नळीत तेजाबावर दूध घालायचं, यंत्रात फिरवायचं, आणि वर आलेली पिवळी रेघ कुठल्या आकड्यावर थांबली ते वाचायचं. रेघ वाचण्यासाठी त्यांनी खिडकीत डोळ्याच्या उंचीवर एक पांढरा दोरा ताणला होता आणि स्टूल कधी हलवू दिलं नव्हतं. त्यांनी आकडा उच्चारला की दूध घालणारा मान हलवून निघून जाई. गावात भावकीचे वाद होते, पण रामकिसनच्या डोळ्याबद्दल वाद नव्हता.

दुष्काळात दूधच आटल्यामुळे दुपारी त्यांना काम नसे. म्हणून मी त्यांना मदतीला घेतलं. लॅपटॉपच्या पडद्यावर पट्ट्या यायच्या, उभ्या किंवा आडव्या, हळूहळू फिक्या होत जायच्या. समोरच्यानं हात उभा किंवा आडवा धरून दाखवायचं, आपण बटण दाबायचं आणि वहीतही लिहायचं. रामकिसनसाठी मी मराठीत दोन पानं लिहून काढली होती. आजचा पहिला धडा म्हणजे तीच दोन पानं, इंग्रजीत केलेली. सकाळी मी शेतकऱ्यांना तपासे. दुपारी ऊन मला सोसत नसे, मी चेअरमनच्या घरी आडवा होई आणि रामकिसन मेंढपाळांना तपासत.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “साहेब, दुपारी तुमचा पडदा मळतो.”

मी हसलो. म्हटलं, “पडदा नाही मळत, रामकिसन. तो तुमचा डोळा. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आलं की डोळ्याला वेळ लागतो.” आणि दहा मिनिटं त्यांना ते सविस्तर समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “आसं हाय व्हय.”

पुण्याला आल्यावर आकडे मांडले तर दुपारची सगळी माणसं आंधळ्यात जमा. वही उघडली, तर दुपारच्या प्रत्येक ओळीला रामकिसननी बारीक गोल केलेला. मी अर्थ लावला तो असा: याला कंटाळा आला, यानं अंदाजानं बटणं दाबली आणि स्वतःच्याच खुणेसाठी गोल केले. दुपारचं काम मी टाकून दिलं. चेअरमनला पत्र लिहिलं की या माणसाच्या नजरेवर आणि हातावर भरवसा ठेवता येत नाही. आणि पुढे पानावर नववा धडा झाला तो मजकूर तेव्हाच प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी लिहिला, नावासकट. आमच्या प्रयोगशाळेत त्यानंतर कुणाचं काम ढिसाळ झालं की मुलं एकमेकांना विचारत, “काय, रामकिसन केलंस?”

दोन वर्षांनी घरी काम करत असताना वीज गेली आणि माझ्या लॅपटॉपचा पडदा डोळ्यांदेखत जरासा मंद झाला. मी लॅपटॉपची सेटिंग उघडली. पडद्याचा उजेड आपोआप कमी होऊ नये याच्या दोन खुणा असतात, एक विजेवर चालताना आणि दुसरी बॅटरीवर. पहिली मी केली होती. दुसरी उघडूनच पाहिली नव्हती. त्या गावात दुपारभर वीज नसे, लॅपटॉप बॅटरीवर चाले, हे मला माहीत होतं. उजेड मोजायचं यंत्र मी फक्त सकाळी लावलं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, पडदा माझा चुकला, पण ते गोल तर त्यांनीच केले होते. म्हणजे चूक दोघांची. या ‘दोघांची’वर मी पुढची वर्षं काढली. मग गेल्या पावसाळ्यात मृणाल नावाच्या विद्यार्थिनीनं सहज विचारलं, “सर, तो रामकिसन खरा माणूस होता का?” मी होय म्हटलं. ती म्हणाली, “मग त्याला माहीत आहे का, तो आपल्या धड्यात आहे ते?”

बीड

बीडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मी कशासाठी आलो हे मलाच नीट सांगता आलं नसतं. पिशवीत तो लॅपटॉप होता, रामकिसनची वही होती आणि खिशात एका कागदावर लिहिलेलं एक वाक्य होतं. बोलताना मी घसरतो, म्हणून लिहून घेतलं होतं.

रिक्षावाल्याला म्हटलं, एखादं बरं लॉज दाखव. त्यानं मला एका शिकवणीच्या इमारतीसमोर नेऊन सोडलं. म्हणाला, “नातवाच्या ॲडमिशनला आलते ना? समदे हितंच येतेत.” मी नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल असं वाटून मी उतरलो आणि लॉज शोधत पायी हिंडलो. पुण्यात रिक्षावाला तुमची चौकशी करत नाही. इथे चौकशी तर होतेच, वर उत्तरही तयार असतं.

मांजरसुंबा

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. मी पूर्वी पाहिलेला तिठा आता ओळखू येईना. रस्ते रुंद झालेत, ढाबे पुढे-मागे सरकलेत. केजची गाडी कुठे लागते हे तिघांना विचारलं आणि तीन दिशा मिळाल्या. एका ढाब्यावर बसून रबडी खाल्ली, तेवढ्यात गाडी दिसली म्हणून धावलो आणि नेकनूरच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की वहीची पिशवी ढाब्यावरच राहिली.

उतरलो. एका टेम्पोवाल्यानं दया येऊन उलटं आणून सोडलं. ढाब्याचा मालक गल्ल्यावर वही उघडून वाचत बसला होता.

“तुमची हाय का ही?” तो म्हणाला. “छावणीची दिसती. आमच्या मामाचं नाव हाय हितं, बगा.”

मी पाहिलं. मेंढपाळाचं नाव, त्यापुढे फुल्याच फुल्या, आणि शेवटी गोल.

“फुल्या म्हंजी काय?”

“म्हणजे दिसलं नाही.”

त्यानं वही जवळ घेतली, पुन्हा लांब धरली. “मामाला? आवो, मामा हितं बसून पल्याडच्या टेकाडावरली शेरडं मोजायचा. ज्यानं लिवलं त्यालाच दिसत नसल.”

त्यानं रबडीची आणखी एक वाटी समोर ठेवली. मी ती कशी संपवली आठवत नाही. आतापर्यंत माझ्या मनात एका रामकिसनवर अन्याय झाला होता. त्या वहीत माझ्या पडद्यानं आंधळी ठरवलेली आणखी किती माणसं आहेत, हे तोपर्यंत मनात आलंच नव्हतं.

धारूरच्या वाटेवर

केजपासून पुढे काळी-पिवळी जीप मिळाली. नऊ माणसांच्या जागेत चौदा होतो. पिवळ्या फेट्याच्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर सीताफळांची टोपली होती आणि टोपलीवर माझा कोपर.

“कावून निघालेत एवढ्या लांब?” त्यांनी विचारलं.

“एका माणसाला भेटायचंय.”

“जमिनीचं काम दिसतंय.”

“नाही.”

“मंग सोयरीक.”

“सोयरीकही नाही.”

ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, “बाबा, गप बसा की. माणूस भेटाया बी जातंय, बिनकामाचं.”

“बिनकामाचं कोन जातंय बे?” म्हातारे म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

डोंगर चढताना दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं होती, पानं राखाडी-हिरवी, फळं डोळे उघडलेली. इथे असं म्हणतात: फळाचे डोळे उघडले की काढायला झालं. आमच्याकडे सीताफळ पेटीतून येतं आणि आपण ते दाबून पाहतो. इथे कुणी दाबत नाही, नुसतं बघतात. धारूरचा किल्ला लांबून दिसला. पूर्वी दोन आठवडे इथे होतो तेव्हा पाहायचा राहिला होता, आताही राहिला.

डेअरी

गावात पोचायला दुपार झाली. रामकिसनचं घर विचारण्याऐवजी मी डेअरीकडे वळलो. भीती, दुसरं काय. खोली तीच, भिंती तशाच, पण फॅटची नळी गेली होती. टेबलावर एक इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं आणि त्याच्यापाशी शीतल नावाची तिशीतली बाई, गावची सून, हिशेबनीस आणि तपासनीस दोन्ही. खिडकीच्या चौकटीत समोरासमोर दोन खिळे दिसले. दोरा नव्हता.

“रामकिसनआप्पा कधी सोडून गेले?” मी विचारलं.

“मी लग्न होऊन आले त्याच्या लई आधी. तुमी कोन?”

“पुण्याचा. जुना ओळखीचा.”

तिनं पाणी दिलं. कोपऱ्यातल्या फळीवर जुनी रजिस्टरं रचलेली होती. मी विचारून एक काढलं. अक्षर रामकिसनचं. पानांवर फॅटचे आकडे आणि मधूनमधून काही आकड्यांपुढे तोच बारीक गोल.

“हे गोल कसले?”

शीतल वाकून म्हणाली, “ते व्हय. लाइट नसायची तवाचे. दिव्याच्या उजेडात रेघ वाचली का आकड्याफुडं गोल करायचा. म्हंजी दुधाच्या मालकाला शंका आली तर दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्यांदा तपासून मागता येतंय. बाकीच्या आकड्यावर तक्रार चालत न्हाई. समद्या जुन्या लोकांना ठाऊक हाय.”

“उजेड बरोबर नव्हता, पुन्हा तपासा. असा अर्थ?”

“हां. तसाच.”

मी पिशवीतली वही काढली. दुपार, गोल. दुपार, गोल. तेरा दिवसांच्या तेरा दुपारी त्या माणसानं मला ओळीओळीला लिहून दिलं होतं की इथे उजेड बदलला आहे, पुन्हा तपासा. आणि मी तीच खूण पुरावा म्हणून धड्यात छापली होती. चूक दोघांची नव्हती.

“आवो, तुमाला बरं न्हाई का?” शीतल म्हणाली. “आप्पांकडं सोडू का?”

रामकिसनचं घर

रामकिसन अंगणात सीताफळं पोत्यावर पसरत होते. वाळले आहेत, पण ताठ. मला पाहून त्यांनी कपाळावर हात धरला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, “पट्ट्यावाले साहेब.”

मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो, मौनाचीही केली होती. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, बायकोला हाक मारली, “सुमन, पुन्याचे साहेब आलेत, येसर टाक,” आणि बाजेवर माझ्याशेजारी बसून छावणीची एकेक आठवण काढत राहिले. टँकर उलटला होता ती, माझ्या बुटात विंचू निघाला होता ती. मला कळेना, पत्राचं यांना माहीत आहे की नाही.

ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची ती येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. सुमनबाई वाढत होत्या. येसर मी घरीही करून पाहिलंय, पण पुण्याच्या आमटीत आम्ही गूळ घालतोच. इथे तिखट तिखटच राहतं. भाकरी मोडता मोडता मी म्हटलं, “रामकिसन, डेअरीत जाऊन आलो. तिथे दुसरंच कुणी आहे.”

“मी कवाच उठलो तिथून.”

“संस्थेनं काढलं?”

“संस्था कावून काढंल? मीच उठलो.” त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. “तुमचं पत्र आलतं ना, चेअरमननं मीटिंगीत वाचलं. मानसं म्हनली, पुन्याच्या मानसाला काय कळतंय फॅटीतलं. पन मला ठावं व्हतं.”

“काय ठाऊक होतं?”

“दुपारच्या त्या पट्ट्या मला बी दिसत नव्हत्या, साहेब. सकाळी तुमच्यामागं उभं राहून बगायचो तवा दिसायच्या. दुपारी न्हाई. मला वाटलं पडदा मळतो. तुमी म्हनले, पडदा न्हाई, तुमचा डोळा. मंग मी इचार केला. दुपारी ज्याचा डोळा हलका पडतो, त्याचा सकाळी पडत नसल कशावरून? लोकाच्या दुधाची रेघ मी वाचायची आन् चुकली तर? दोरा सोडला आन् आलो घरी.”

“ह्यांनी मंग कवा फॅटीची काच बगितलीच न्हाई,” सुमनबाई म्हणाल्या. “घरच्या दुधाची बी न्हाई. लोक बोलवायला आलते दोनदा.”

मी खिशात हात घातला. कागद होता. तो मी बाहेरही काढला. समोर ताट, ताटात अर्धी भाकरी, आणि रामकिसन माझ्याकडे पाहत होते, नजर स्वच्छ, जराही राग नसलेली.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “मला एकदा तुमाला सांगायचंच व्हतं. तुमचं एवढं काम, लांबून आलते, आन् माझ्या डोळ्यापायी वाया गेलं. माफ करा साहेब मला.”

त्यांनी हात जोडले.

इथपर्यंत मला सगळं लख्ख आठवतं. पुढचं असं का झालं, हे मी स्वतःलाच अनेकदा विचारलं आहे. मी कागद हातात धरून बसलेला माणूस. एक वाक्य वाचायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “जाऊ द्या, रामकिसन. झालं ते झालं. वयानं होतं कधीकधी.”

त्यांचे खांदे सैल झाले. किती वर्षांचं ओझं खाली ठेवावं तसे ते हसले. सुमनबाईंनी माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. मी जेवलो. पोटभर जेवलो, हेही लिहायला हवं.

निघताना त्यांनी टोपलीभर सीताफळं बांधून दिली. फळाकडे नुसतं बघून एकेक निवडत होते. “हे परवा पिकंल, हे त्याच्या दुसऱ्या दिवशी. ह्याला चार दिस लागतील.” मी म्हटलं, “तुम्हाला चांगलं दिसतं की अजून.” ते म्हणाले, “हे काय, फळ हाय. फळाला चालतंय.”

परत पुण्यात

सीताफळं त्यांनी सांगितली त्याच क्रमानं पिकली. एकाचाही दिवस चुकला नाही.

नववा धडा मी त्याच आठवड्यात पानावरून काढून टाकला. जागी नवा लिहिला: पडद्याचा उजेड बॅटरीवर बदलतो, तो कसा बंद करावा, उजेड दिवसातून दोनदा का मोजावा, आणि मदतनीस काही म्हणाला तर त्याला व्याख्यान देण्याआधी पडद्याकडे का पाहावं. शेवटी त्या गोलांचा खरा अर्थ दिला, आणि मेंढपाळांच्या नावापुढच्या फुल्या खोट्या आहेत हेही दिलं. रामकिसनचं नाव ठेवावं की काढावं, यावर मी आठ दिवस घोळ घातला. काढलं तर त्यांच्यावरचा आळ निघून गेल्याचं कुणाला कळणार नाही. ठेवलं तर पुन्हा ते माझ्याच धड्यात. शेवटी ठेवलं. मृणालनं वाचून एवढंच विचारलं, “सर, हे त्यांना वाचता येईल का?” पान इंग्रजीत आहे. मी मान हलवली, नाही.

म्हणून हे मराठीत लिहिलं. तेही त्यांच्यापर्यंत पोचेल का, ठाऊक नाही. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. एकदा लावला. पलीकडून आवाज आला, “साहेब, नीट पोचले ना? फळं पिकली का?” मी म्हटलं, “पिकली.” “गोड निघाली?” म्हटलं, “फार गोड.” मग त्यांनीच, बहुधा माझं बिल वाढू नये म्हणून, फोन ठेवला.

तो कागद अजून त्याच सदऱ्याच्या खिशात आहे. त्यावर लिहिलं आहे: रामकिसन, तुमचा डोळा बरोबर होता, पडदाच मळत होता, मला माफ करा.